न लावलेला हेडफोन

भांडी घासताना मोबाईल जवळ ठेवू नये, अशी सूचना कोणत्याही मोबाईलच्या डब्यावर लिहिलेली नसते. डब्यावर बॅटरी, ऊन, लहान मुलं, विमानप्रवास अशा सगळ्यांबद्दल बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पाटबंधारे विभागात माझी उभी नोकरी सूचना वाचण्यात आणि त्या इतरांना कळवण्यात गेली. डब्यावर ही एक ओळ असती, तर मी ती नक्की पाळली असती आणि पुढचं काहीच झालं नसतं.

शकुन, म्हणजे आमची सौभाग्यवती, पुण्याला गेली होती. रुचिताला, आमच्या लेकीला, मुलगी झाली होती. निघण्यापूर्वी शकुननं मला कारधा गावातल्या घरात एकट्यानं कसं जगायचं याची रीतसर तालीम दिली. कुकरच्या शिट्ट्या, गॅसची चावी, रक्तदाबाची गोळी, मागच्या दाराची कडी. शेवटी माझा स्वाभिमान दुखावला. मी म्हणालो, "तू बिनघोर जाय. मी काही लेकरू नोहो."

"लेकरू असते त कौशल्याबाईपाशी ठेवून नसती गेली का?" ती म्हणाली आणि पिशवीची चेन लावली.

तेव्हा मी लेकरू नाही, हे सिद्ध करणं भाग होतं. ती रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची. एका संध्याकाळी मी मोबाईल मोरीच्या कट्ट्यावर, साबणाच्या डबीला टेकवून उभा केला आणि तिच्यादेखत कढई घासली. घासून झाल्यावर स्पर्धेत मिळालेल्या ढालीसारखी ती वर धरली. "पाहा! आतून पाहा, बाहेरून पाहा!" कढई फिरवताना कोपर लागलं, साबणाची डबी सरकली, आणि फोननं बादलीत उडी घेतली.

कॉल चालूच होता. बादलीच्या तळातून शकुन माझ्याकडे पाहत होती. तिचे ओठ हलत होते आणि तोंडातून बुडबुडे निघतात की काय असं वाटत होतं. मी कढई टाकून दिली आणि दोन्ही हात बादलीत घातले.

फोन निघाला. जिवंत होता. पण शकुनचा आवाज गादीखालून आल्यासारखा झाला आणि बोलता बोलता थांबला.

कढई पडल्याचा आवाज ऐकून भिंतीपलीकडून शेजारच्या कौशल्याबाईंनी विचारलं, "काय झालं जी भाऊजी?" मी सांगितलं. "मंग तांदुळात ठेवा ना! तांदूळ पाणी ओढते."

इतर जिल्ह्यांत हा सल्ला इथंच संपत असेल. आमच्या भंडारा जिल्ह्यात नाही. कौशल्याबाईंचे यजमान इश्वरभाऊ धानाची दलाली करतात. ते बनियनवरच बाहेर आले आणि त्यांनी मूळ मुद्दा उपस्थित केला, "कोणता तांदूळ?"

"घरी परमल आहे," मी म्हणालो.

"परमल? अहो, मोबाईल आहे का बैल? जुना चिन्नोर पायजे. जुना तांदूळ तहानलेला राहते."

समोरच्या घरातला धर्मेंद्र पतपेढीत नोकरीला आहे आणि मोबाईलच्या बाबतीत आमच्या गल्लीचा सल्लागार आहे. तो गाडी लावता लावता म्हणाला, "काका, एचएमटी चांगला. बारीक दाणा, जास्त दाणे, जास्त ओढते."

"आन उकडा?" मी आपलं विचारलं.

इश्वरभाऊंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "उकडा आधीच पाणी पिऊन बसला राहते, टिकारामभाऊ. तो काय ओढन?"

माझा फोन हातात ठिबकत होता आणि गल्लीत वाणांची चर्चा रंगली होती. शेवटी कौशल्याबाईंच्या कोठीतल्या जुन्या चिन्नोरला मान मिळाला. फोन पुरला गेला. दुसऱ्या दिवशी उकरून काढला तेव्हा त्याला असा घमघमाट होता की पोट भुकेनं कळवळलं. चालूही झाला. फक्त पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक बारीकसं चित्र आलं होतं. हेडफोनचं.

मी हेडफोन लावला नव्हता. मी हेडफोन बाळगतच नाही.

धर्मेंद्रनं फोन उजेडाकडे धरून त्याच्या खालच्या भोकात एक डोळा घातला. "काका, कणी अडकली. तांदळाची. त्याच्यानं फोनले वाटून राहिलं का हेडफोन लागून आहे. सगळा आवाज तो हेडफोनमंधी पाठवून राहिला."

"पण हेडफोन नाही ना?"

"नाही ना. पण त्याले तसं वाटते."

मला नवल वाटलं नाही. आमच्या खात्यात एक उपविभाग बंद झाल्यावरही त्याच्या नावानं कितीतरी दिवस कागद जात होते. जावक बारनिशीत नोंद झाली की पाठवणाऱ्याचं समाधान. माझा फोनही त्याच समाधानात होता. रिंग खणखणीत वाजायची, कारण रिंग बाहेरूनही वाजते म्हणे. उचलला की शांतता. शकुन तिकडून बोलायची आणि तिचे शब्द कुठल्याशा बंद झालेल्या कार्यालयात जाऊन पडायचे.

माझं बोलणं मात्र तिला ऐकू जात होतं. तेव्हा सरळ सांगता आलं असतं, बाई, फोन बिघडला आहे. पण तो फोन जावई भुपेंद्ररावांनी दिलेला, तो देताना शकुन त्यांना म्हणाली होती, "यायच्याच्यानं सांभाळणं होत नाही, साधाच द्या." शिवाय सांगितलं असतं, तर तिनं कौशल्याबाईंच्या फोनवर फोन केला असता, आणि स्वतःच्या बायकोशी मला कौशल्याबाईंच्या स्वयंपाकघरात उभं राहून बोलावं लागलं असतं. यात माझी काय शोभा?

मी विचार केला, की इतक्या वर्षांच्या संसारात शकुन मला काय विचारते हे मला पाठ आहे. जेवले का, गोळी घेतली का, मागचं दार लावलं का. त्याच क्रमानं. संध्याकाळी कॉल आला. तिचे ओठ हलले. मी म्हणालो, "जेवलो. वांग्याची भाजी." पुन्हा हलले. "घेतली." पुन्हा हलले. "लावलं, कडी घातली." तिनं मान डोलावली. पेपर सोडवल्यासारखं वाटलं.

एक गोष्ट मात्र झाली. आवाज नव्हता म्हणून मला तिच्याकडे पाहतच राहावं लागायचं. घरी ती बोलायची तेव्हा माझ्यासमोर वर्तमानपत्र असायचं. आता कळलं की हसू येण्याआधी तिची डावी भुवई जराशी वर जाते. नातीला मांडीवर घेऊन ती बोलायची, मध्येच खाली पाहून तिच्याशी काहीतरी पुटपुटायची, पुन्हा माझ्याशी. मी "हो, हो" म्हणत पाहत राहायचो. कॉल संपला की पडद्यावर माझंच तोंड दिसायचं, आणि ते पाहण्यासारखं नसायचं.

मग घर फार शांत व्हायचं. शकुनला वस्तूंशी बोलायची सवय आहे. दूध वर येऊ लागलं की "थांब वं, आली मी", नळ आला की "आले का महाराज?", कडी लागली नाही की "काहून रुसली?" मी याबद्दल तिची थट्टा करायचो. एका सकाळी दूध वर आलं आणि मी आतल्या खोलीतून ओरडलो, "थांब वं!" दूध थांबलं नाही. ते पुसता पुसता मला असं काहीतरी झालं की मी ओट्यापाशी बराच वेळ फडकं घेऊन नुसता उभा राहिलो.

फोन दुरुस्त करायलाच हवा होता.

कौशल्याबाई शिवणाची सुई घेऊन आल्या आणि त्यांनी कणी आणखी आत सरकवली. धर्मेंद्रनं त्याचा हेडफोन आणून घातला, काढला, घातला, काढला, जणू फोनला समजावत होता की बाबा, लागणं म्हणजे काय आणि निघणं म्हणजे काय. फोनला समजलं नाही. मग त्यानं फोन 'सेफ मोड'मध्ये नेला. सुरक्षित अवस्थेत गेल्याबरोबर फोनमधून व्हॉट्सअ‍ॅपच नाहीसं झालं. त्या संध्याकाळी शकुनचा आवाजही नव्हता आणि चेहराही नव्हता. मी पडदा चोळत बसलो. इतका सुरक्षित मी आयुष्यात कधी नव्हतो, आणि इतका उदासही.

दुसऱ्या दिवशी धर्मेंद्रनं फोन पूर्ववत केला. तेवढ्यात इश्वरभाऊ सायकलचा पंप घेऊन आले. "हवा मारली का कणी बाहेर." मी नको म्हणेपर्यंत त्यांनी नळी टेकवून दोन दणके दिले. फुस्स झालं. कणी जागची हलली नाही, पण स्पीकरनं प्राण सोडला. आता रिंगही गेली. कॉल आला की फोन नुसता थरथरत टेबलावरून सरकायचा आणि मी काठावर हात धरून उभा राहायचो.

तसाच थरथरत एक कॉल आला. त्या दिवशी शकुन जास्त वेळ बोलली. चेहरा गंभीर होता. मला वाटलं, गॅसबद्दल असेल. मग चौकटीत रुचिता आली, तीही काही बोलली, आणि दोघी माझ्याकडे पाहत थांबल्या. पाठ केलेली उत्तरं संपली होती. मी सर्वसमावेशक उत्तर दिलं, "हो हो, काही हरकत नाही. मी मजेत आहो इथं."

रुचितानं टाळ्या वाजवल्या. शकुननं वाजवल्या नाहीत. ती क्षणभर पाहत राहिली, मग तिनं फोन नातीकडे वळवला. मी नातीला "छान, छान" म्हणालो.

पुढच्या सकाळी अंगणात तुळशीला पाणी घालत होतो, तर भिंतीवरून कौशल्याबाई, पंपानं माझा फोन बरा झाला अशा समजुतीत, म्हणाल्या, "भाऊजी, मन मोठं आहे जी तुमचं."

"कायले?"

"शकुनबाईले उन्हाळ्यापर्यंत ठेवून देलं ना तिकडं! रुचिताची सुट्टी संपून राहिली, लेकरू कोण पाहीन? शकुनबाईनं इचारलं म्हणे, राहू का. तुम्ही म्हणाले, काही हरकत नाही, मी मजेत आहो. तिकीटही रद्द केलं म्हणते."

तुळशीचं पाणी माझ्या पायावर पडत होतं. उन्हाळा! अजून धान उभं होतं, दिवाळी यायची होती.

"मले जरा तुमचा फोन द्या," मी म्हणालो.

शोभेचा प्रश्न मी बाजूला ठेवला. कौशल्याबाईंच्या स्वयंपाकघरात उभा राहिलो. त्यांनी नंबर लावून दिला आणि आम्हाला मोकळेपणानं बोलता यावं म्हणून फोडणी थांबवून चूप उभ्या राहिल्या. इश्वरभाऊंनीही चहाचा घोट तोंडातच धरला.

"बोला," शकुन म्हणाली.

कितीतरी दिवसांनी आवाज ऐकला. मी वाक्य तयार करून आणलं होतं. ते तिच्या त्या एका शब्दात कुठं वाहून गेलं कळलं नाही. समोर इश्वरभाऊंचे फुगलेले गाल दिसत होते.

"गॅसचं पुस्तक कोठी आहे?" मी म्हणालो.

"फ्रिजवर."

"बरं."

"आणखीन काही?"

"नाही."

मी फोन परत दिला. इश्वरभाऊंनी घोट गिळला.

त्याच दिवशी पूल ओलांडून भंडाऱ्याला गेलो. कंपनीचं सर्व्हिस सेंटर एका दुकानाच्या वर आहे. टोकन घेतलं, बसलो, नंबर आला. काउंटरवरच्या मुलीनं बिल मागितलं. बिल पुण्याला. मग ती म्हणाली की नोंदणी माझ्याच नंबरवर आहे, तर ओटीपीवर काम होईल. पण आज मेसेज जात नाहीत, ओटीपी कॉलवर सांगितला जाईल, तो ऐकून तिला सांगायचा.

"मला ऐकू येणार नाही," मी कार्यालयीन मराठीत सांगितलं.

"ओटीपी येईल, ओटीपी!" ती मोठ्यानं म्हणाली.

"बाई, मला ऐकू येतं. फोनमधून येत नाही."

"हो, फोनवर येईल!" ती आणखी मोठ्यानं म्हणाली आणि बोटांनी कानाशी फोन धरल्याची खूण केली. रांगेतल्या लोकांना माझी दया आली. एकानं मला खुर्ची दिली. दुसऱ्यानं माझ्या तोंडासमोर येऊन, ओठ फाकवून, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, "ओ, टी, पी." एक सद्गृहस्थ खिशातून कानाच्या डॉक्टरांचं कार्ड काढून माझ्या हातात देऊ लागले. मी ते नाकारलं, तर ते मागच्याला म्हणाले, "मान्यच नाही करत. आमच्या बाबांचंही असंच होतं."

तेवढ्यात कॉल आला. फोन काउंटरवर थरथरत सरकू लागला. मी तो उचलून तिच्या कानाला लावला. ती ऐकत राहिली, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलला. "काका, याच्यातून तर आवाजच येत नाही."

"तेच घेऊन आलो आहे," मी म्हणालो.

पुढचं काम सरळ झालं. माझं सिम त्यांच्या फोनमध्ये घालून ओटीपी ऐकला गेला, चिमट्यानं कणी निघाली, स्पीकर बदलला. "कानाला लावतात तिथला भाग मागवावा लागेल," ती म्हणाली. "तोवर फक्त स्पीकरवर बोला. थोडा मोठा आहे आवाज."

फोन हातात घेतला आणि तो वाजला. सगळं सेंटर दचकलं. शकुन होती. वेळ तिच्या कॉलची नव्हती.

"काय करून राहिले?" तिचा आवाज चारी भिंतींना लागला. "सकाळी गॅसचं पुस्तक मांगत होते. तब्येत बरी आहे ना?"

मी कोपऱ्यात गेलो. आवाज माझ्यासोबत आला. सांगून टाकलं. "शकुन, माह्या फोनमंधी आवाज येत नव्हता. तू काय म्हणे, मले ऐकूच नाही आलं."

तिनं विचारलं, "कधीपासून?"

"बादलीपासून."

"आन उन्हाळ्यापर्यंत राहू का म्हटलं तवा?"

"मले वाटलं, गॅसची चावी बंद केली का इचारून राहिली."

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. "मी त तुमच्याकडं पाहून होती," ती म्हणाली. "म्हटलं, आता नाही म्हणतीन. रुचितासमोर मले नाही म्हणता येत नाही, तुम्ही म्हणान. तुम्ही म्हणाले मजेत आहो. रुचिता खुश झाली. मी न्हाणीत गेली आन नळ सोडून बसली."

काउंटरवरच्या मुलीनं पुढचं टोकन पुकारायचं सोडून दिलं होतं. कानाच्या डॉक्टरांचं कार्ड देऊ करणारे सद्गृहस्थ खाली मान घालून बसले होते. पाटबंधारे विभागातला सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक, सगळ्या आयुष्यात चारचौघांत बायकोला नावानं हाक न मारलेला माणूस, मध्यभागी उभा होता.

"मंग मी आता नाही म्हणतो," मी म्हणालो.

"काय?"

"नाही म्हणतो! नको राहू. ये." बोलायला लागलो तर थांबता येईना. "घर चांगलं नाही लागत. मी मजेत नाही."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. नवा स्पीकर चांगला होता, तोही स्वच्छ आला.

"आता कशी येऊ जी?" ती हळू म्हणाली. "तिनं ऑफिसात कळवलं. त्या इवल्याशा लेकराले कोणावर टाकू? तिलेही आता माह्या हाताचीच सवय झाली. बरं झालं पण, म्हणाले तुम्ही."

ती बरोबर होती. एकोडी गावाला आमचं वाट्यानं दिलेलं धानाचं शेत आहे. धान निघाल्यावर मी पुण्याला जायचं, चार दिवस राहायचं, असं ठरलं. लेकीच्या दोन खोल्यांच्या घरात त्याहून जास्त राहणं शोभलं नसतं. उन्हाळा जिथल्या तिथं राहिला.

मी निघालो तेव्हा काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, नीट जा." या वेळी हळू म्हणाली.

संध्याकाळी घरी आलो तर पुन्हा कॉल. साधा, व्हिडिओ नाही. जेवले का, गोळी घेतली का, दार लावलं का. मी तिन्ही प्रश्न शेवटपर्यंत ऐकले, मगच उत्तरं दिली. मग तिनं कधी न विचारलेलं विचारलं.

"फोन जरा बाहेर धरता का?"

"बाहेर कायले?"

"इथं बाराव्या माळ्यावर काहीच ऐकू येत नाही. खिडकी उघडली का नुसतं भर्र येते गाड्यांचं. पाखरू नाही, माणूस नाही. मले घर ऐकाचं आहे."

मी फोन घेऊन अंगणात गेलो. कुठं धरावा कळेना. बोरिंगवर बाया पाणी भरत होत्या, दांडा वरखाली होताना करकरत होता; मी जाऊन तिथं फोन धरला. बाया पाहू लागल्या. "शकुनले ऐकाचं आहे," मी म्हणालो, आणि त्यांनी नको तितक्या जोरानं दांडा हापसला. गाई परतत होत्या, मी त्यांच्या गळ्याजवळ घंटांपाशी हात नेला. एकीनं फोन चाटला. कोणाच्या तरी अंगणात सुपानं काही पाखडत होते, तिथंही थांबलो. इश्वरभाऊ दारात येऊन म्हणाले, "टिकारामभाऊ, आता काय बिघडलं?" मी त्यांना हातानंच थांबवलं.

घरांच्या मागे धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, लागतात. धान पिकायला आलं होतं. वारा आला की भरलेल्या लोंब्या एकमेकींवर घासतात आणि कोणी नवं लुगडं नेसून अगदी जवळून गेल्यासारखा आवाज होतो. बांधावर उभं राहून मी फोन धानाच्या वर धरला. वारा येत होता, जात होता. फोनमधून काहीच येत नव्हतं. श्वासही नाही. मला वाटलं, संपलं, पुन्हा बिघडला.

"शकुन? ऐकू येऊन राहिलं का? का कटला फोन?"

"चूप राहा ना जी जरा," ती म्हणाली.

मी चूप राहिलो. हात भरून आला, तेव्हा फोन दुसऱ्या हातात घेतला आणि तसाच धरून उभा राहिलो.